ठोकणीचा कान

१२ मार्च

ठमे,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. या घरातून जायला आता मी एकटीच उरले आहे, आणि मी गुडघा सोडला तर ठणठणीत आहे. पत्ता ऑफिसातल्या जुन्या फायलीतून काढला. तू अजून तिथेच राहतेस की नाही, ते तुझं तुलाच ठाऊक.

काल मला साठ पूर्ण झाली. मे अखेरीला कारखान्यातून सुटका. सकाळी नेहमीप्रमाणे तो मुका फोन आला. दर वर्षी माझ्या वाढदिवसाला कोणीतरी टवाळ माणूस फोन करतो आणि तोंड उघडत नाही. मी तीनदा "कोण? कोण बोलतंय?" म्हणते, मग "कोणी नाहीये" म्हणून दणकन ठेवून देते. यंदा दोन शिव्याही हासडल्या. साठ वर्षं जगल्यावर तेवढा हक्क असावा.

आपला अस्तर विभाग तू सोडलास तसाच आहे. तोच रबराचा आणि सोल्यूशनचा वास. वासाने डोकं दुखतं म्हणून तू खिडकीत जाऊन उभी राहायचीस, ती खिडकी आता बंद केली आहे. तिथे एक यंत्र बसवलंय. रॉकेटच्या नळकांड्याला आतून रबराचं अस्तर नीट चिकटलंय की नाही, ते आवाजाच्या लाटा सोडून पडद्यावर दाखवतं. म्हणजे हातोडीने ठोकून कानाने पारखायच्या आपल्या ठोकणीला कायमची सुट्टी. माझी पितळी हातोडी साहेब काचेच्या कपाटात ठेवणार आहेत, आणि शिकाऊ मुलांच्या वर्गाला माझं नाव देणार आहेत. पुढच्या महिन्यात नव्या तुकडीला मी एक तास शिकवायचं आहे. विषय त्यांनीच दिला: "ठोकणीचा कान". मी नको नको म्हटलं, पण तू मला ओळखतेस.

एवढं आनंदाचं चाललंय, म्हणून तुला कळवावंसं वाटलं. जे झालं ते झालं. मी काही मनात धरलेलं नाही, तूही धरू नकोस.

ताई


४ एप्रिल

ठमे,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे, वाट बघायची सवय मला जास्त.

तासाची तयारी करतेय. साहेब म्हणाले, "बाई, ही मुलं पुस्तकं कोळून प्यालेली आहेत. रॉकेट कसं चालतं ते तुम्ही त्यांना हातांनी सांगा." मी वही उघडली आणि पहिल्यांदा तुझी ट्रॉली आठवली.

एका नव्या मुलाने विचारलं होतं, रॉकेट जमिनीला रेटा देऊन उडतं ना, मग वर अवकाशात रेटायला काय असतं? तू काही न बोलता सामानाच्या ट्रॉलीवर चढून बसलीस, मांडीवर वाळूच्या पिशव्या घेतल्यास आणि एकेक मागे भिरकावायला लागलीस. पिशवी मागे, ट्रॉली पुढे. "मी भिंतीला हात लावला? जमिनीला पाय लावला? मग?" तिसरी पिशवी साहेबांच्या पोटात बसली. ते खाली बसले आणि म्हणाले, "समजलं."

तेच लिहून काढलंय. रॉकेट पिशव्यांऐवजी तापलेला वायू मागे फेकतं आणि स्वतः पुढे जातं. त्याला हवा लागत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायूसुद्धा इंधनात कालवून बरोबर घेतलेला असतो. नुसतं उंच जाऊन भागत नाही. नुसतं उंच नेऊन सोडलं तर उपग्रह दगडासारखा परत खाली येईल. त्याला आडवा वेग द्यायचा, सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर. मग तो पडतच राहतो, पण त्याच्याखाली पृथ्वी वाकत जाते आणि त्याचं पडणं दर वेळी हुकतं. एवढा वेग यायला वजन कमी हवं. म्हणून जे नळकांडं रिकामं झालं ते वाटेतच सोडून द्यायचं आणि पुढचा टप्पा पेटवायचा.

हे सोडून द्यायचं मला फार पटायचं. माणसाने पण असंच करावं, मागचं ओझं टाकून पुढे जावं, असं मी तू गेल्यावर कितीतरी जणांना सांगितलं. लोक माना डोलवायचे.

मग आपलं काम. नळकांडं पोलादाचं. आत पेटलेला वायू तीन हजार अंशांचा, त्यात पोलाद वितळून जाईल. मध्ये बोटभर जाडीचं रबर असतं म्हणून ते टिकतं. रबर एका जागी जरी सुटलेलं असलं, तरी ज्वाला त्या फटीत शिरते आणि पोलादापर्यंत पोचते. म्हणून आत फळीवर आडवं पडून वीतभर वीतभर ठोकत जायचं. भरीव जागा "टक्" बोलते, पोकळ जागा "डब्". पोकळ लागली की खडूने गोल काढायचा. गोल पुसायचा अधिकार फक्त खात्री करणारीला, आणि तिनेही पुन्हा ठोकूनच पुसायचा.

इथपर्यंत छान लिहिलं. पुढे त्या दिवसाबद्दल लिहायला घेतलं आणि उठून भांडी घासली. घासलेलीच होती.

साहेबांचा आग्रह आहे की तासाच्या शेवटी तो कागदही दाखवायचा. तुला माहीत नसेल. तुझ्या रजिस्टरचं पान दहा वर्षं प्रत्येक तुकडीला पडद्यावर दाखवतात. ठोकणारीच्या रकान्यात तुझी सही, खात्री करणारीचा रकाना कोरा, आणि त्या कोऱ्या जागेला लाल घेर. नावावर पट्टी चिकटवलेली असते. पण तुझ्या सहीची शेपटी पट्टीखालून बाहेर लोंबते.

ताई


२० एप्रिल

ठमे,

आज तास झाला. सगळा सांगते, कारण सांगायला दुसरं कोणी नाही.

ट्रॉलीचा खेळ मी करून दाखवला. गुडघ्यामुळे मला चढवायला दोन मुलं लागली, पण हशा झाला. मग नमुन्याची पाटी आणली. पोलादावर रबर चिकटवलेलं, नऊ चौकटी आखलेल्या, आणि त्यातल्या एकीत मुद्दाम पोकळी ठेवलेली. कुठे ते मला सांगितलेलं नव्हतं. आधी बाईंचा कान, मग यंत्र, असा कार्यक्रम.

मी ठोकत गेले. सहाव्या चौकटीवर हातोडी पडली आणि दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीची डावी भुवई वर गेली.

ठमे, तुझी भुवई होती ती. मी तिच्याकडे बघतच राहिले आणि तोंडातून सवयीने निघालं, "भरीव." पुढच्या तिन्ही चौकटी पण भरीव. म्हणजे माझ्या हिशेबाने पाटीत पोकळी नव्हतीच.

यंत्र फिरवलं. सहाव्या चौकटीत पडद्यावर हा एवढा काळा डाग.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "बाईंनी मुद्दाम चुकवलं! आपलं लक्ष आहे का बघत होत्या!" टाळ्या पडल्या. साहेबही हसले. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "शाब्बास. लक्ष आहे तुमचं."

मग ते पान पडद्यावर आलं. वर्गाला रोज शिकवणारे सर म्हणाले, "हा निष्काळजीपणाचा नमुना. खात्री करून न घेताच भाग पुढे पाठवला. एकोणचाळिसाव्या सेकंदाला बाजूने ज्वाला बाहेर आली, रॉकेट वाट सोडायला लागलं आणि ते आकाशातच फोडावं लागलं. दोनशे माणसांची सहा वर्षं." सगळी मुलं लिहून घेत होती. त्या मुलीने पेनाला टोपण लावलं आणि हात मांडीवर ठेवले. मी तिच्यापासून चार पावलांवर उभी होते, आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी उभीच राहिले.

नंतर हजेरीचा कागद बघितला. आडनाव तुझ्या सासरचं. नऊ वर्षांची असताना माझ्या हातोडीने बदाम फोडत बसायची ती. तू तिला इथे पाठवलंस आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीस. बरोबरच केलंस.

ताई


२१ एप्रिल

ठमे,

कालचं पत्र टाकून आले आणि वाटेतच कळलं की त्यात मी पुन्हा अर्धंच लिहिलंय. आज पूर्ण लिहिते. मध्ये उठले तर पुन्हा बसणार नाही, म्हणून चहासुद्धा ठेवलेला नाही.

मला ऐकू येत नव्हतं. त्या दिवसाच्या आधी दोन वर्षांपासून. बोलणं ऐकू यायचं, मोठे आवाज यायचे, पण "टक्" आणि "डब्" मला सारखेच लागायला लागले होते. कानाच्या डॉक्टरकडे मी दुसऱ्या गावात जाऊन आले होते, खोटं नाव सांगून. बारीक आवाज गेले, परत येणार नाहीत, म्हणाला. मी घरी येऊन तो कागद फाडला. अख्खा कारखाना ज्या कानाची शपथ घ्यायचा तो कान गेला, हे मी कोणाला सांगणार होते? ज्या बाईला बाकी काहीच नाही, तिने तेवढंही सोडायचं?

मग मी चोरी शिकले. तू ठोकायचीस आणि मी तुझ्या तोंडाकडे बघायचे. पोकळ जागा आली की तुझी डावी भुवई वर जायची. भुवई वर गेली की मी म्हणायचे, "इथे गोल काढ." लोक म्हणायचे, काय कान आहे!

त्या शुक्रवारी आपलं सकाळीच वाजलं होतं. तू आठवड्यात दोनदा मला चारचौघांत दुरुस्त केलं होतंस. "ताई, ती जागा नाही, ही." मला ते झोंबलं होतं. नळकांड्यात तू आत होतीस, साहेब तोंडाशी येऊन घाई करून गेले होते, गाडी भाग न्यायला दारात आली होती. तू न विचारताच गोल काढलास. मी आत सरकले, तुझ्याकडे न बघता ठोकलं आणि म्हटलं, "भरीव आहे."

तू म्हणालीस, "ताई, पुन्हा ऐक."

मी म्हटलं, "मला ठोकणी शिकवू नकोस. तुला हातोडी धरायला मी शिकवलंय." आणि तळहाताने गोल पुसला. तळहात पांढरा झाला, तो मी पदराला पुसला.

रजिस्टरात तू तुझ्या रकान्यात सही केलीस. माझ्या सह्या मी नेहमी शनिवारी एकदम करायचे, सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी कधी हरकत घेतली नव्हती. भाग शुक्रवारीच गेला. शनिवारी मला ताप होता. तो रकाना कोरा राहिला तो राहिलाच.

उडवलं त्या दिवशी आपण कँटीनच्या गच्चीवर होतो. तू ओठांतल्या ओठांत सेकंद मोजत होतीस. एकोणचाळीसला थांबलीस आणि माझा हात धरलास. मी हात सोडवून घेतला. मला वाटलं, तुला सगळं कळलंय.

चौकशीत मला विचारलं, "हा भाग खात्रीसाठी तुमच्याकडे आला होता का?" मी म्हटलं, "माझ्याकडे आलाच नाही." तू टेबलाच्या पलीकडे बसली होतीस. तू माझ्याकडे बघितलंस आणि काही बोलली नाहीस. मी महिनाभर वाट बघत होते की तू खरं सांगशील, मग मी तुला खोटं पाडीन आणि रागावीन. तू तेवढीही सोय ठेवली नाहीस. नोकरी गेली, तू गेलीस, आणि मी घरातलं तुझं ताट माळ्यावर टाकलं.

माफ कर असं लिहीत नाही. ते तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. मी उद्या साहेबांकडे जाते.

ताई


७ मे

ठमे,

गेले. लगेच दुसऱ्या दिवशी नाही, चार दिवस लागले. रोज चपला घालायचे आणि काढायचे.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून किती तरी वेळ पुसत बसले. "बाई," म्हणाले, "तिला काढायच्या कागदावर माझी सही आहे." एवढंच. मी रडले असते तर त्यांना बरं वाटलं असतं बहुतेक, पण रडू आलं नाही. जबाब लिहून दिला, खाली सही केली, त्या दिवसाच्या रजिस्टरावर करायची राहिली होती ती. अहवालाला जोडपत्र लागेल, ते पान वर्गातून निघेल, आणि तुला ऑफिसचं पत्र येईल. वर्गाला माझं नाव देण्याचं रद्द. हातोडी त्यांनी परत केली, पिशवीत घालून, माझ्याकडे न बघता. निरोपाचा कार्यक्रम मीच नको म्हटलं.

एक गोष्ट मी मागून घेतली. त्याच तुकडीसमोर पुन्हा पाच मिनिटं. उभी राहिले आणि सांगितलं, की त्या दिवशी पाटीवर मी मुद्दाम चुकले नव्हते, आणि तो गोल कोणी पुसला होता. या वेळी हसलं कोणी नाही. तुझी लेक खाली मान घालून बसली होती.

रविवारी ती घरी आली. दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, आत येऊ?" तिला बसायला सांगितलं आणि मलाच बसावं लागलं.

मी म्हटलं, "तुझी भुवई अगदी आईसारखी उडते गं."

ती म्हणाली, "ती मी मुद्दाम उडवली. आईने सांगून पाठवलं होतं, मावशी समोर ठोकत असेल आणि पोकळ आवाज आला तर भुवई उडव, तिला ऐकू येत नाही."

ठमे, म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं! मी तुझी भुवई चोरत नव्हते. तू मला ती देत होतीस, दोन वर्षं, रोज, मला कळू न देता. आणि त्या शुक्रवारी मी तेवढी एकदाच बघितली नाही.

तिनेच पाणी आणलं. मग म्हणाली, "एक विचारू? आईशी नाही बोलायचं तर नका बोलू. पण ती दर वर्षी तुमच्या वाढदिवसाला फोन करते, आणि तुम्ही 'कोणी नाहीये' म्हणून ठेवून देता. यंदा तर शिव्या दिल्यात. आई दिवसभर जेवली नाही."

मी विचारलं, "ती बोलते? फोनवर बोलते?"

"बोलते की. 'ताई, मी आहे' म्हणते. दोनदा, तीनदा म्हणते. मी तिला म्हटलंसुद्धा, अगं, मावशीला ऐकूच जात नसेल. तर म्हणाली, माझा आवाज तिला कसाही कळतो."

नाही गं कळला. तुझा आवाज मुळात बारीक, त्यात तू रडत असणार. अकरा वर्षं तू म्हणत होतीस मी आहे, आणि मी म्हणत होते कोणी नाहीये.

ताई


१५ मे

ठमे,

कानाला यंत्र लावलं. या वेळी खरं नाव सांगून. डॉक्टर म्हणाला, दहा वर्षांपूर्वी यायला हवं होतं. मी म्हटलं, तेरा.

घरात इतके आवाज आहेत हे मी विसरले होते. मोरीतला नळ गळतो. घड्याळाचा काटा कुरकुरतो. काल तुझी लेक आली होती, तिने नमुन्याची एक छोटी पाटी आणली आणि पाठीमागे उभी राहून ठोकत गेली. मी तिच्या भुवईकडे बघू नये म्हणून. नऊपैकी सात बरोबर आल्या. ती म्हणाली, "मावशी, नापास." अगदी तुझ्यासारखी बोलते, मेली.

तुझं ताट माळ्यावरून काढलं. घासून ठेवलं आहे, मी बोलावतेय असं त्यावरून समजू नकोस. नुसतं काढलं.

ऑफिसचं पत्र तुला मिळालं असेल. त्यात काय लिहिलंय मला माहीत नाही, पण त्याने तुझी अकरा वर्षं परत येत नाहीत हे मला माहीत आहे. त्या रॉकेटसारखीच ती गेली, आणि ती मी घालवली.

आता एकच मागणं आहे. पुढच्या वाढदिवसापर्यंत थांबू नकोस. तेवढा धीर मला नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला मी फोनपाशी बसेन. "मला तुझ्याशी बोलायचं नाही" म्हणालीस, तरी मी ऐकून घेईन. शिव्या दिल्यास तर फारच बरं, माझ्याकडून दोन येणं आहे तुझं. आणि शब्दच फुटला नाही, तर नखाने फोनवर एकदा ठोक. मी ओळखीन. ओळखता आलं नाही, तरी "कोणी नाहीये" म्हणणार नाही, फोन धरून बसेन.

आपल्यात काही भरीव उरलंय की सगळं पोकळ, ते या वेळी तू सांग. तू गोल काढलास तर मी पुसणार नाही.

ताई